धाकटी गौर डुलत नव्हती

हे कुणालाही खरं वाटणार नाही. आजवर एकालाही वाटलेलं नाही, आणि मी ही गोष्ट भल्याभल्यांना सांगून पाहिली आहे. पण पोरींनो, ज्याच्यावर माझा जीव जडला त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहायच्या आधीच, त्याची एक तुटलेली मान माझ्या मांडीवर होती.

“मान? माणसाची?” कल्पनाने विचारलं. ही आमच्या वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली मुलगी. दुपारी मैत्रिणींना घेऊन खाली येते, चहा पिते आणि माझ्याकडून गोष्टी काढून घेते. आमच्या या अयोध्या नगर वस्तीत तेवढीच करमणूक. आमचे हे तिकडे खिडकीशी पेपरात डोकं घालून बसतात, त्यांचा त्रास नसतो.

बाईची मान, म्हटलं. गळ्यात हार असलेली. ऐका.

तेव्हा मी चोवीस वर्षांची, कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर, म्हणजे यंत्रांचे नकाशे पातळ कागदावर उतरवणारी. बाबा त्याच कारखान्यात, पुण्याहून बदलून आलेले. सगळी वसाहत कारखान्याची. शाळा कारखान्याची, दवाखाना कारखान्याचा, भोंगा वाजला की आम्ही जेवायचो आणि भोंगा वाजला की झोपायचो. भाद्रपद लागला होता. गौरीच्या हिरव्या बांगड्या घ्यायला मी अशोका गार्डनच्या बाजारात गेले होते आणि टेम्पोने परत येत होते. त्या वेळचे टेम्पो म्हणजे डुकरासारखं नाक पुढे काढलेले आणि तसेच घुरघुरणारे. आत बसायला जागा मिळाली हे नशीब. एक तरुण मात्र मागच्या दांडीला धरून बाहेर भिजत होता.

“जरा हे धराल का?” त्याने कापडात गुंडाळलेलं काहीतरी पुढे केलं. “मी केव्हाचा लटकून राहिलोय.”

“लटकलोय म्हणा,” मी म्हटलं. पुण्याची सवय, जाते कुठे!

“बरं. पडलो तर शुद्ध मराठीत ओरडेन. चालेल?”

हसू आवरत मी ते गाठोडं घेतलं. जड होतं. गार होतं. आणि एका खड्ड्यात टेम्पो उडाला तसं ओलं कापड घसरलं… खाली मान. पांढरीफटक. गळ्याचं हाड, त्यावर मण्यांचा हार, आणि वर — वर काहीच नाही. तुटलेलं.

मी जी किंचाळले, ती त्याच दिवशी विदिशेपर्यंत ऐकू गेली असं नंतर लोक सांगत.

“आजी, विदिशा कुठे!”

वारा तिकडचा होता गं. टेम्पो थांबला. सगळे वळले. आणि तो तरुण माझ्यापेक्षा पांढरा झाला. झटकन कापड ओढून तो माझ्या कानाशी वाकला. “ओरडू नका… प्लास्टर आहे नुसतं. कुणी पाहिलं तर माझं काही खरं नाही.”

मी त्याच्याकडे पाहिलं. पावसाचं पाणी पापण्यांवरून ओघळत होतं, आणि त्या डोळ्यांत इतकी उघडी, इतकी न लपवलेली भीती होती की माझी भीती तिथल्या तिथे लाजून गेली. आमच्या वसाहतीतले पुरुष भीतीसुद्धा इस्त्री करून घालत. असा पुरुष मी पाहिला नव्हता.

“काही नाही,” मी टेम्पोतल्या लोकांना सांगितलं. “झुरळ होतं.”

बस. तिथे पहिली गाठ बसली. खोटं बोलून.

वसाहतीच्या फाटकावर चौकीदाराने त्याला अडवलं. मी म्हटलं, “आमचे पाहुणे आहेत.” हे दुसरं खोटं. मग सायकल-स्टँडच्या पत्र्याखाली उभं राहून, वरून पाऊस ताशासारखा वाजत असताना, त्याने सगळं सांगितलं.

नाव उदय. घर ग्वाल्हेरचं, नोकरी पुरातत्त्व खात्यात. भोजपूरच्या पलीकडे एका गावात पडकं देऊळ होतं, तिथल्या मूर्तींची नोंद आणि फोटो हे त्याचं काम. एक देवी होती, हजारेक वर्षांपूर्वीची, तांबूस दगडाची. त्याने तिच्यावरचं शेवाळ महिनाभर मऊ ब्रशने काढलं. पुढच्या खेपेला गेला तर देवी उभी होती आणि डोकं नव्हतं. पहार घालून मान तोडून नेलेली.

“खात्यात सगळे काय बोलून राहिलेत ठाऊक आहे?” तो म्हणाला. “म्हणतात, एवढं मोल ज्याला कळतं त्यानेच उचललं. मला निलंबित केलंय. इन्स्पेक्टर म्हणतो, आत्ता गणपतीच्या बंदोबस्तात आहे, विसर्जन झालं की तुलाच आत टाकतो.”

“आणि ही मान घेऊन का फिरता?”

त्याने कापड हळूच बाजूला केलं. “धडावर जी तुटलेली कड राहिली न, तिचा साचा घेऊन मी ही बनवली. पाहा, चोर चेहरा बदलतात. नाक घासतात, ओठ नव्याने कोरतात, रंग फासतात. मग कोर्टात कुणीही शपथेवर म्हणतो, ही ती मूर्तीच नाही. पण तुटलेली कड कुणाला खोटी करता येत नाही. दगड जिथे तुटतो तिथे फक्त त्याचाच तुकडा बसतो. दुसरा कुठलाच नाही.”

हे तो मूर्तीबद्दल बोलत होता, हे मला कळत होतं. तरी कान गरम झाले.

“पण आमच्या वसाहतीत काय?”

“चोरीच्या दिवशी तुमच्या कारखान्याची जीप त्या गावात दिसली होती.”

तेव्हा मला उलगडलं. आदल्या आठवड्यात पोलीस येऊन घराघरांतून ट्रंका उघडून गेले होते, कोळशाची पोती उपसून गेले होते. काय शोधतात ते कुणाला सांगत नव्हते. आमच्याकडे आईने त्यांना चपला काढायला लावल्या होत्या.

“मला कुठल्या घरात कोण घेणार?” तो म्हणाला. “पण तुम्ही… गौरी आल्या की तुम्ही बायका तर घरोघरी जाता न?”

पोरींनो, मी नाही म्हणायला हवं होतं. ते डोकं ज्याने आणलं तो आमच्यातलाच कुणी होता. रोज नमस्कार करणारा. या विचाराने पाठीवरून गार पाणी गेलं. आणि तोंडातून निघालं, “काय पाहायचं ते नीट शिकवा.”

वसाहतीच्या वाचनालयात दुपारच्या सुट्टीत कुणी नसे. पुढचे काही दिवस आम्ही तिथे जुन्या मासिकांच्या कपाटाआड बसायचो. त्याने फोटो पसरले. मी म्हटलं, किती सुंदर नाक! तो म्हणाला, “नाक विसरा. नाक पहिलं जातं. कान पाहा.”

“कान?”

“चेहरा शिल्पकार शास्त्राप्रमाणे घडवतो. कान मात्र हाताच्या सवयीने. ही पाळी पाहा, शेवटाला जरा उलटी वळलीये. त्या देवळातल्या सगळ्या मूर्तींची अशीच. एकाच हाताची खूण. आणि डाव्या कानामागे त्याने घासकाम अर्धंच सोडलंय. तिथे दातेरी छिन्नीच्या रेघा तशाच आहेत. कोण पाहतंय म्हणून सोडलं असेल. चोरही तिथे पाहत नाही.”

“तुम्ही बरं पाहिलंत!”

“मी सगळ्यांचे कान पाहतो. सवय लागलीये.” तो थांबला. माझ्याकडे पाहिलं… आणि पाहतच राहिला. “तुमच्या उजव्या पाळीवर तीळ आहे.”

“तो दगड नाही,” मी पदर कानावरून ओढला. “नोंद करायची गरज नाही.”

“नोंद कधीच झालीये.”

मी खाली मान घालून फोटोतला देवीचा कान ट्रेसिंग पेपरवर उतरवला. परत उतरवला. वर पाहावं लागू नये म्हणून पुन्हा उतरवला. शेवटी तो कान माझ्या बोटांना पाठ झाला. बाहेर कुणाची सायकल कुरकुरली की आम्ही दोघे श्वास धरायचो. मला कुणी पाहिलं तर बाबांना तोंड दाखवता आलं नसतं, त्याला पाहिलं तर त्याची रवानगी थेट कोठडीत. एकमेकांचा श्वास असा कानाने ओळखायला लागलो, ते भीतीपायीच. प्रेम वगैरे शब्द कुणी काढला नाही. सवडच नव्हती.

“आजी, हात तरी धरला का?” कल्पनाच्या मैत्रिणीने विचारलं.

चहा पी तुझा.

गौरी बसल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हळदीकुंकवाला मी आईबरोबर निघाले. घरोघर आरास, घरोघर पुरणाचा वास. मी प्रत्येक घरात फुलदाण्या पाहिल्या, शोकेस पाहिली, दारामागचे कोपरे पाहिले. काही नाही. शेवटचं घर यशवंतकाकांचं.

यशवंतकाका म्हणजे खरेदी विभागाचे मोठे साहेब, वसाहतीच्या गणेशोत्सवाचे सर्वेसर्वा. आवाज लोण्यासारखा. बाबा त्यांच्याच हाताखाली. त्यांच्या पत्नी इंदुमतीकाकू, देवभोळ्या, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या.

दारातच आईने मला कोपराने ढोसलं. “यांच्याकडे तर खड्यांच्या गौरी असतात! उभ्या कधीपासून आल्या?”

पोरींनो, हे पोलिसाला कधी कळलं नसतं. कोकणस्थांची कितीतरी घरं अशी असतात जिथे गौर म्हणजे पाणवठ्यावरून आणलेले खडे. आमच्यासारख्यांकडे मुखवट्यांच्या, लुगडं नेसवून उभ्या केलेल्या. ज्या घरात जी रीत, ती पिढ्यानपिढ्या. हौस आली म्हणून कुणी बदलत नाही.

“यांनीच हौस केली यंदा,” काकू म्हणाल्या. “नवस होता म्हणे. मुखवटेही यांनीच आणले, रंगवूनसुद्धा.” बोलताना त्या हातातल्या कुंकवाच्या करंड्याकडेच पाहत होत्या.

दोन गौरी. सारखा पिवळट-गुलाबी रंग, सारखं काजळ, सारखी नथ. शेजारची मुलं चौरंगाशी दंगा करत होती. त्यांनी उडी मारली की चौरंग हलायचा आणि थोरली गौर मान डोलवायची, जशा सगळ्याच गौरी डोलतात, पत्र्याच्या स्टँडवर हलका मुखवटा तो केवढासा! पण धाकटी डुलत नव्हती. मुलांनी पुन्हा उडी मारली. थोरली डुलली. धाकटी स्थिर. नुसती माझ्याकडे बघत होती.

मी आणखी जवळ सरकले. कान कर्णफुलांनी आणि पदराने झाकलेले. सगळीकडे बायका. माझ्या हातात देवीसाठी आणलेला गजरा होता.

“काकू, धाकटीला मी माळू?”

“माळ की!”

मी टाचा उंचावल्या. गजरा केसांत खोवल्यासारखं करत बोटं डाव्या कानामागे सरकवली. गार. मुखवट्याचा गारवा वेगळा, दगडाचा वेगळा, दगड बोटातली ऊब पिऊन टाकतो. पाळी… शेवटाला उलटी. आणि तिच्यामागे रंगाखाली कंगव्याच्या दातांसारख्या रेघा.

“सुचेता.”

यशवंतकाका आतल्या दारात उभे होते. हातात करंज्यांचं ताट.

“काय शोधतेस, बाळ?”

“गजरा… गजरा सुटत होता, काका.”

ते जवळ आले. हसत होते. “देवीचं अंग असं चाचपू नये. हात झडतात.” आणि आवाज आणखी मऊ करून म्हणाले, “तुझे बाबा फार साधे आहेत गं. साध्या माणसामागे चौकशी लागली की त्याला नीट बोलताही येत नाही. मी पाहिलंय. करंजी घे.”

मी करंजी घेतली. खाल्ली. ते ती संपेपर्यंत समोर उभे राहिले. इतकी कोरडी करंजी मी जन्मात खाल्ली नाही, आणि काकूंच्या हातच्या करंज्या तर तोंडात विरघळायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात उदय माझी वाट पाहत होता. मी सांगितलं तसा तो ताडकन उठला. “आत्ता पोलिसात जातो.”

“पोलीस गौरीपुढे चपला काढून हात जोडतील आणि परत जातील. आणि काकांना नुसता वास लागला तरी ते काय करतील?”

तो खाली बसला. “फोडतील,” तो म्हणाला. “हातोडीने. तुकडे करून तळ्यात.” त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. महिनाभर मऊ ब्रशने धुतलेला चेहरा होता तो. “सुचेता, राहू द्या. तुमचे बाबा आहेत. मी जातो आत. काय व्हायचं ते होऊ दे.”

पहिल्यांदाच नावाने हाक मारली त्याने. नुसतं “सुचेता.” मग मला कोण थांबवणार?

“आज गौरी उठतात,” मी म्हटलं. “काकूंकडची गौर पाण्यात जाते. दुपारी तळ्यावर या. त्या इन्स्पेक्टरला घेऊन.”

“तो माझ्याबरोबर का येईल?”

“अटक करायचीये ना त्याला? सांगा, तळ्यावर या, तिथे पकडा.”

त्याने कापडातल्या मानेवर हात ठेवला. “आणि डोकं आलं नाही तर?”

मी फोटो गोळा करायला लागले. डोकं आलं नाही तर तो तिथूनच बेड्या घालून जाणार. मी त्याला स्वतःच्या पायांनी पिंजऱ्यात जायला सांगत होते, आणि तो “बरं” म्हणाला. नुसतं “बरं.” ती मान काखेत घेतली आणि निघाला. दारातून जाताना म्हणाला, “तुमचा तीळ… नोंदीत राहील.”

यशवंतकाका कारखान्यात गेल्यावर मी काकूंकडे गेले. दहीभाताचा नैवेद्य झाला होता. काकू गौरींपुढे डोळे पुसत बसल्या होत्या.

“काय झालं, काकू?”

“हे म्हणतात, मुखवटे पेटीत ठेव. मुंबईचे पाहुणे यायचेत संध्याकाळी, ते रंगवून आणतील. पण सुचेता, आमच्या घरात गौर पेटीत कधी ठेवली नाही गं. आमची गौर पाण्यात जाते. सासूबाईंनी एक वर्षसुद्धा चुकवलं नाही.”

“आमच्याकडे पेटीत ठेवतात,” मी म्हटलं. “पण ती आमची रीत. तुमची तुमच्या घराची.” आणि मग, देवी मला क्षमा करो, अगदी सहज म्हटलं, “नवसाची गौर ना ही?”

काकू उठल्याच. त्या बाईला त्या घरात कशातलंच काही ठाऊक नव्हतं, पण रीत ठाऊक होती. त्यांनी गौरींवर अक्षता टाकल्या, थोरलीचा मुखवटा ताम्हनात घेतला. तो कागदाच्या लगद्याचा, हलका. मग धाकटीला हात घातला आणि “अगं बाई!” म्हणून मागे सरल्या. “केवढी जड! सुचेता, तूच घे. आमच्याकडे गौर कुमारिकेच्याच हातून जाते.”

हे मी ठरवलं नव्हतं. मला वाटलं होतं, काकू नेतील आणि मी मागून चालेन. पण काकूंनी ती देवी माझ्या हातात ठेवली आणि वरून आपलं रेशमी पातळ पांघरलं. मी निघाले. मागे काकू, शेजारच्या दोन बायका, झांजा वाजवत.

“किती जड होती?” कल्पना.

पाऊण मण.

“आजी!”

बरं, पाच-सहा किलो. पण तिला हजार वर्षांचं वजन असतं, ते कोण मोजणार? क्वार्टरांच्या रांगा, मग दवाखाना, मग मैदान, मग तळं. मैदानाच्या मध्यावर असताना मागे स्कूटर ऐकू आली. मुंबईचे पाहुणे, म्हणजे देवीचं गिऱ्हाईक, लवकर आले असणार, किंवा घरात शिरल्यावर काकांनी रिकामा चौरंग पाहिला असणार. मी वळले नाही. झांजा वाजत होत्या आणि झांजांच्या वरून तो आवाज जवळ येत होता. हात सुटायला आले. दगड छातीशी धरला होता, माझं काळीज त्याच्यावर आपटत होतं. वाटलं, आता ठेवावी खाली आणि पळावं. बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. त्याच्याशेजारी दुसरा आला, पापण्यांवरून पाणी ओघळणारा.

मी पळाले. पण तिला घेऊन.

तळ्याच्या पायऱ्यांवर उदय होता. कापडातली मान समोर ठेवून, मांडी घालून बसलेला. त्याच्या खांद्यावर इन्स्पेक्टरचा हात. हवालदाराच्या हातात बेड्या.

“थांब!” स्कूटर टाकून यशवंतकाका धावत आले. श्वास चढलेला, तरी आवाज लोणीच. “सुचेता, दे इकडे. मी करतो विसर्जन.”

“अहो, कुमारिकेनेच करायचं,” काकू म्हणाल्या.

“तू गप्प बस!” काका ओरडले. त्यांचा ओरडलेला आवाज वसाहतीत कुणी कधी ऐकला नव्हता. झांजा थांबल्या. त्यांनी माझ्या दंडाला धरलं. बोटं रुतली. मी ती सोडवायला गेले, पाय निसटला, आणि मी देवीसकट कमरेएवढ्या पाण्यात.

पाण्यात मगर होती.

“आजी! कॉलनीच्या तळ्यात?”

लहान होती. बरं, नव्हती. पण मला होती असंच वाटलं, काका पाण्यात उतरत होते ना! मी देवीचं डोकं पाण्याखाली धरलं आणि पदराने पुसायला लागले. पिवळा रंग सुटला, गुलाबी सुटला, काजळ सुटलं. पाणी गढूळ झालं. आणि मी तिला वर उचललं तेव्हा हातात तांबूस दगडाचा एक चेहरा होता. नाकाचा शेंडा घासून गेला होता. पण ओठ… पोरींनो, त्या ओठांवर असं हसू होतं, की सगळं ठाऊक असून ती एवढे दिवस चौरंगावर उभी होती.

उदय इन्स्पेक्टरचा हात झटकून पाण्यात आला. माझ्या हातातून त्याने ती घेतली. मिनिटभर आमची बोटं त्या दगडाखाली एकमेकांत अडकलेली होती. मग त्याने ती पायरीवर नेली, त्या पांढऱ्या मानेवर ठेवली, किंचित फिरवली…

“खट्” एवढाच आवाज झाला. बसली. हाराचा अर्धा मणी वरचा, अर्धा खालचा, एक झाला. मध्ये दोरा शिरला नसता.

काकू खाली बसल्या आणि नवऱ्याकडे पाहायला लागल्या, जणू त्यालाही आजच पाण्यात धुतलं होतं.

“यानेच चोरली!” यशवंतकाका बोट रोखून ओरडले. “ही मुलगी त्याला सामील आहे. विचारा तिला!”

इन्स्पेक्टर माझ्याकडे वळला. “मूर्ति यहाँ तक लाया कौन?”

मैदानापलीकडून लोक धावत येत होते. त्यात बाबा होते. मी तोंड उघडलं. आणि उदय म्हणाला, “साहब, लड़की को कुछ नहीं मालूम. इनके घर का विसर्जन था, वो लेकर आई. मैं इसको जानता भी नहीं.”

जानता भी नहीं. माझ्याकडे न बघता म्हणाला. वाचनालय, कपाटाआडच्या दुपारी, ट्रेसिंग पेपरवरचे ते सगळे कान, एका वाक्यात पुसून टाकले त्याने, माझ्या बाबांच्या देखत माझं नाव स्वच्छ राहावं म्हणून. एक नजर जरी माझ्याकडे टाकली असती तर सगळ्या वसाहतीला कळलं असतं, एवढं ते नजरेत मावत नव्हतं.

“दोनों थाने चलो,” इन्स्पेक्टर म्हणाला. पोलिसांच्या जीपमध्ये यशवंतकाका पुढे बसले, उदय मागे. मांडीवर देवी, दोन्ही हातांनी धरलेली. मी पायरीवर ओलीचिंब उभी. जीप सुरू झाली.

मी मनात म्हणत होते, एकदा. एकदाच बघ. कुणाला कळणार नाही. जीप मैदान ओलांडून गेली, दवाखान्याशी वळली, आणि दिसेनाशी झाली.

त्याने एकदाही वळून पाहिलं नाही.

“मग?” कल्पनाचा आवाज ओला झाला होता.

मग काय? काकांना शिक्षा झाली. देवी तिच्या धडाला मिळाली. उदय सुटला म्हणे, त्याची बदली झाली दूर कुठेतरी. न पत्र, न निरोप. मी देवीच्या कानामागच्या रेघा आठवत आयुष्य काढलं. असं असतं बायांनो प्रेम. तो गेला तो गेला, आणि जाताना त्याने एकदासुद्धा —

“खोटं!”

खिडकीशी पेपर खाली आला.

“साफ खोटं बोलून राहिली आहे ही. दवाखान्याच्या वळणावर मी पाहिलं होतं. मान मोडेस्तोवर वळून पाहून राहिलो होतो न! तूच त्या ओल्या पदरात तोंड खुपसून रडून राहिली होतीस, तुला दिसणार कुठून?”